तुळशीचे पान नसलेला डबा

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. त्या दिवशी दुपारी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले आणि खग्रासाचा पट्टा कर्नाटकातून गेला. हे कोणत्याही जुन्या पंचांगात किंवा वर्तमानपत्रात पडताळता येते. यापुढे जे लिहिले आहे, त्यातले फार थोडे इतक्या सहज पडताळता येईल.

ग्रहण सुटून तासभर झाला होता. बेळगावच्या वडगाव भागातल्या एका विणकराच्या घरात यल्लव्वाने फडताळातला पत्र्याचा डबा उघडला. दोनच दिवसांपूर्वी तिने त्यात नवऱ्याच्या सहा आठवड्यांच्या गोळ्या, निळ्या कागदाच्या पुड्यांत बांधून, ठेवल्या होत्या. डॉक्टरांची चिठ्ठीही त्यातच होती. डबा रिकामा होता. नुसता रिकामा नव्हे, धुऊन पुसलेला होता.

या घटनेची तीन मुख्य साधने उपलब्ध आहेत. पहिले, सत्याप्पा मास्तरांची चाळीस पानी वही. दुसरे, यल्लव्वाने १९८८ मध्ये मला तीन बैठकांत सांगितलेली हकीकत. तिसरे, तिच्या सासूबाई लक्ष्मीबाई यांचे त्याच वर्षीचे बोलणे. ते तुटक आहे आणि दोन ठिकाणी स्वतःशीच विसंगत आहे. ज्याच्या गोळ्या होत्या तो तम्मण्णा १९८७ च्या पावसाळ्यात काविळीने वारला. त्याला कोणी काही विचारून ठेवलेले नाही.

तम्मण्णाच्या घरात वडिलांपासून दोन हातमाग होते, एक त्याचा आणि एक धाकट्या भावाचा, भरमूचा. दोघे शहापुरी साड्या विणत. पण गल्लीत तम्मण्णाचे नाव होते ते ताणा सांधण्यासाठी. मागावरचा उभ्या धाग्यांचा ताणा संपत आला की तो पुरता संपू देत नाहीत. जुन्या धाग्यांची टोके, ते ज्यातून ओवलेले असतात त्या फणीत तशीच ठेवून नव्या ताण्याचा एकेक धागा त्यांना जोडतात. दोन-अडीच हजार धागे, आणि प्रत्येकाला राख लावलेल्या बोटांचा एक पीळ. ‘आण्णाचा सांधा फणीलाबी कळत न्हाय,’ असे भरमू अजूनही वर्तमानकाळातच म्हणतो.

१९७३ च्या ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांत तम्मण्णा बदलला. आधी झोप गेली. मग तो धागे मोठ्याने मोजू लागला. मग म्हणू लागला की भरमूचा माग ठोक्याठोक्याला आपले नाव गल्लीला सांगतो. बायकोच्या हातचे खाणे त्याने सोडले. जवळच्या एका डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या विष म्हणून गटारात टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने खुंटीची कात्री घेतली आणि भरमूच्या मागावरचा ताणा या काठापासून त्या काठापर्यंत कापून काढला. साडी अर्धी झाली होती.

“ताणलेला ताणा कापला की आवाज येतो,” यल्लव्वा सांगते. “पत्र्यावर पाऊस पडल्यागत. मी भाकरी थापत हुते. तो आवाज अजून कानात हाय.”

विणकराच्या घरात चालू मागाचा ताणा कापणे ही केवळ नासाडी मानत नाहीत. त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका आपल्या घरातली कात्री तम्मण्णाला दिसेल अशी ठेवत नसत.

तो निघून गेला आणि चौथ्या दिवशी नंदगडात, शाळेच्या व्हरांड्यात बसलेला सापडला. सापडला तो सत्याप्पा मास्तरांना. मास्तर मूळचे वडगावचेच, पलीकडच्या गल्लीतल्या बौद्ध कुटुंबातले. वडील हमाली करत. मुलगा शिकून मास्तर झाला आणि तेव्हा नंदगडच्या शाळेत होता. त्यांनी तम्मण्णाचा हात धरून त्याला गाडीने घरी आणले. नंतर तीन महिने मोठ्या दवाखान्यात गेले. तम्मण्णा परतला तो रोजच्या तीन गोळ्या घेऊन.

आजार पुन्हा दिसला नाही, पण गोळ्यांनी हात कापू लागले. त्यावर दिलेल्या दुसऱ्या गोळीने थोडा उतार पडला, पुरता नाही. आडवा धागा नेणारा धोटा फेकण्याइतका हात चाले. धाग्याला पीळ देण्याइतका चालत नसे. सहा वर्षांत त्याला एकाही घराने ताणा सांधायला बोलावले नाही. याचे कारण हात होते की कात्री, हे गल्लीत विचारले तर उत्तर माणसागणिक बदलते.

१९७९ च्या दिवाळीनंतर त्याने मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारले, गोळ्या सुटतील का? हे डॉक्टर एक गुरुवार आड बेळगावात येत. त्यांचे उत्तर मास्तरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे: ‘एकदम सोडल्यास आजार उलटण्याची भीती. हळूहळू कमी करता येतील. पण आधी घर तयार करा, मग गोळी कमी करू. घर तयार करायला दोन महिने घ्या.’

घर तयार करणे म्हणजे काय, हे ठरवायला नोव्हेंबरातल्या एका रविवारी चौघे मागाच्या खोलीत बसले: तम्मण्णा, यल्लव्वा, भरमू आणि मास्तर. मास्तरांची बदली तेव्हा संकेश्वरला झाली होती. या कामासाठी ते मुद्दाम आले. लक्ष्मीबाई आत चुलीपाशी होत्या.

“मागल्या टायमाला पयलं काय झालं, ते सांग,” मास्तरांनी वही उघडली.

“पयलं झोप गेली,” तम्मण्णा म्हणाला.

“किती दिवस?”

“मला काय इचारतायसा मास्तर? मी जागाच हुतो की! दिवस झोपणाऱ्याला मोजता येत्यात.”

भरमू हसला. यल्लव्वा हसली नाही. तिने सांगितले, चार दिवस.

अशा पाच खुणा वहीत उतरल्या, आणि त्या ज्या क्रमाने आल्या होत्या त्याच क्रमाने: झोप जाणे, धागे मोजणे, माग बोलतो असे वाटणे, घरचे अन्न नाकारणे, गोळ्या टाकणे. प्रत्येक खुणेपुढे काय करायचे ते लिहिले. पहिल्या दोन दिसल्या तर गोळी एक पायरी वर न्यायची आणि पुढचा गुरुवार चुकवायचा नाही. पायरी अर्ध्या गोळीची, दर सहा आठवड्यांनी एक. लग्नसराईत किंवा मागावर नवा ताणा चढताना पायरी उतरायची नाही. घरात दुसरा मोठा बदल त्या काळात करायचा नाही.

मग गोळ्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न आला.

“समद्या घरात ठिवू नगासा,” तम्मण्णा म्हणाला. “मागल्या येळी मीच टाकल्यात. परत टाकीन. पंधरा दिसाच्या तुमच्याकडं ठेवा, संकेश्वरात. माझा हात पोचायला गाडीत बसावं लागलं पायजे.”

आतून लक्ष्मीबाईंचा आवाज आला, “आपल्या घरचं औषध दुसऱ्याच्या घरात कशापायी? आन् त्यातबी...” वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

मास्तरांनी वहीतून मान वर केली नाही. “पुढं सांग, तम्मण्णा.”

“पुढं काय? गोळ्या टाकल्या तर आण्णाला इचारायचं न्हाय,” भरमू म्हणाला. “जीप सांगायची, सरळ मोठा दवाखाना.”

“आन् मी न्हाय म्हणालो तर?”

“तू न्हाय म्हणणारच की रं आण्णा. शाणा असतास तर गोळ्या टाकल्या असत्यास व्हय?”

“मग आत्ताच व्हय म्हणून ठेवतो. लिवा मास्तर. आन् हेबी लिवा, एकदा जीपमधी घातलं की परत हे कमी करायचं नाव काढायचं न्हाय. तीन तर तीन. चार तर चार.”

या कलमाखाली तम्मण्णाची सही आहे. सहीतले एकही अक्षर सरळ नाही. ‘ण्णा’चा काना तर खालच्या ओळीपर्यंत थरथरत गेला आहे. वही पुन्हा वाचताना ध्यानात येते की चौदा कलमांपैकी प्रत्येक कलम एकाच हाताला भिऊन लिहिलेले आहे. घरातल्या इतर हातांचा विचार कोठेही नाही.

३ जानेवारी १९८०, गुरुवार. तीनच्या अडीच गोळ्या झाल्या. सहा आठवडे निभावले. १४ फेब्रुवारीला अडीचच्या दोन झाल्या, एक सकाळी आणि एक संध्याकाळी. तम्मण्णाने त्या दिवशी भरमूला बोट दाखवून म्हटले, “बघ, हे एक थांबलंय.” भरमूला काही फरक दिसला नव्हता, तसे त्याने सांगितले नाही.

मग शनिवार आला. पहाटेपासून वेध होते. दोन्ही माग बंद, धोटे झाकलेले. लक्ष्मीबाईंनी अंगणातल्या तुळशीची पाने खुडून दुधावर, लोणच्याच्या बरणीवर, पिठाच्या डब्यावर आणि तुपावर ठेवली, म्हणजे ग्रहणाचा दोष लागत नाही. खाणेपिणे बंद. यल्लव्वाने सकाळच्या गोळीबद्दल विचारले, तेव्हा लक्ष्मीबाई म्हणाल्या, “उपाशी पोटी, त्याबी वेधात? एक दिस न्हाय घेतली तर काय हुतंय?” यल्लव्वाने पुडी परत डब्यात ठेवली. संध्याकाळी दोन्ही एकदम देता येतील का, हे कोणाला विचारावे ते तिला कळेना.

साडेतीनच्या पुढे ऊन मंदावले. दारे-खिडक्या लावलेल्या होत्या. तम्मण्णा मागासमोर डोळे मिटून बसला होता. ग्रहण सुटले, आंघोळी झाल्या, भरलेले पाणी ओतून टाकले, पान नसलेले सगळे बाहेर गेले. आणि यल्लव्वाने डबा उघडला.

तिच्या मनात सासूचे नाव आले नाही. तिने मागाच्या खोलीकडे पाहिले. वहीतली पाचवी खूण तिला पाठ होती. पहिल्या चार न येता एकदम पाचवी कशी आली, असे तिला वाटले का? मी विचारले होते. ती म्हणाली, “भीतीला आकडं येत्यात व्हय?”

डबा हातात घेऊन ती दारात उभी राहिली. तम्मण्णाने डब्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

“मी टाकल्या व्हय?” त्याने विचारले.

तिने डबा त्याच्यापुढे धरला. भरमू आला, त्याने डबा उलटा करून पाहिला.

“आण्णा, खरं सांग.”

“ठावं न्हाय.”

“ठावं न्हाय म्हंजे काय?”

“मागल्या टायमालाबी मला ठावं नव्हतं, भरमू. तुमीच सांगितलासा मागनं.”

एवढे बोलून तो उठला आणि भरमूच्या मागाकडे गेला. दोघेही त्याच्यामागे धावले. त्याने तळहात ताण्यावर आडवा ठेवला आणि या काठापासून त्या काठापर्यंत सावकाश फिरवला. ताणा अखंड होता. मग त्याने खुंटीची कात्री काढली. तम्मण्णाने कात्री उलटी धरली, मूठ भरमूकडे.

“घे. आन् जीप सांग.”

भरमू जीप आणायला खासबागेकडे गेला. तो परत येईपर्यंतचा वेळ यल्लव्वा अर्धा तास सांगते, भरमू दहा मिनिटे. तेवढ्या वेळात तम्मण्णाने कोट घातला, टोपी घातली आणि हात मांड्यांखाली दाबून पाटावर बसला. लक्ष्मीबाई आत रिकाम्या घागरीपाशी बसून होत्या. जीपचा भोंगा वाजला तशी गल्लीत दारे उघडली. कोणीतरी म्हणाले, “सूर्याचं सुटलं, ह्याचं लागलं.” कोणीतरी हसले.

तम्मण्णाचा एक पाय उंबऱ्याबाहेर होता, तेव्हा आतून लक्ष्मीबाई म्हणाल्या, “मी टाकल्या.”

कोणीही विश्वास ठेवला नाही.

“अव्वा, त्याला राखायला खोटं बोलू नगंस,” भरमू म्हणाला. “मागल्या खेपेलाबी तू कात्रीवर पांघरूण घातलंतंस. उंदरानं कुरतडलं म्हणालतीस.”

“व्हय, तवा खोटं बोललो. आत्ता न्हाय.”

“अव्वा, सोड,” तम्मण्णा उंबऱ्यावरून म्हणाला. “मीच टाकल्या असतील.”

“गप रं!” लक्ष्मीबाई उठल्या. “तू टाकल्यास तर पुड्या कुठं हायत सांग बघू. सांग की! मी सांगतो. हौदाच्या मागं खड्डा हाय, करवंट्यांच्या खाली. वरनं घागरभर पाणी वतलंय. भरमू, जा, हात घाल.”

भरमू गेला. करवंट्यांखाली निळ्या कागदाचा लगदा होता आणि त्यात विरघळलेला पांढरा चिखल. चिठ्ठीची शाई धुऊन गेली होती. जीपवाल्याला भरमूने काय सांगितले ते त्याला आठवत नाही. जीप रिकामी परत गेली एवढे खरे.

“का टाकल्यासा, आत्या?” यल्लव्वाने सासूला विचारले.

“गिराणातलं औषध पोरानं पोटात घालायचं व्हय? पाणी वतलं, शिळं टाकलं, ते तेवढं ठेवायचं?”

“मग जीप येस्तवर गप का बसलासा?”

याला लक्ष्मीबाईंनी त्या दिवशी उत्तर दिले नाही. १९८८ मध्ये मला त्यांनी सांगितले, “भ्या वाटलं.” कशाचे, ते सांगितले नाही.

भीती मात्र संपली नव्हती, तिने फक्त जागा बदलली. तम्मण्णाने टाकल्या नाहीत हे कळले. पण गोळी नव्हती हेही खरेच होते, आणि एकदम सुटली तर आजार उलटू शकतो हे डॉक्टरांचे वाक्य घरातल्या प्रत्येकाला माहीत होते. त्या रात्री घरात कोणीच झोपले नाही, त्यामुळे पहिली खूण दिसली की नाही हे ठरवता आले नाही.

रविवारी सकाळच्या गाडीने तम्मण्णा, यल्लव्वा आणि लक्ष्मीबाई मास्तरांकडच्या पुड्यांसाठी संकेश्वरला निघाले. लक्ष्मीबाईंना कोणी चला म्हटले नव्हते. त्या आधीच स्टँडवर जाऊन बसल्या होत्या. गाडी सुटल्यावर यल्लव्वाला दिसले की खिडकीशी बसलेल्या तम्मण्णाचे ओठ हलत आहेत.

“काय मोजतायसा?”

“खांब.”

“मोजू नगासा.”

“मग काय करू? डोळं मिटलं तर तू नाकाशी हात धरतीस, उघडं ठेवलं तर तोंडाकडं बघतीस.”

“बोला माझ्यासंगं.”

“काय बोलू? काय बोललं म्हंजे शाणा दिसीन, ते सांग. तेच बोलतो.”

पुढच्या सीटवरून लक्ष्मीबाई मागे न बघता म्हणाल्या, “मोजू दे त्याला. मीबी मोजाय लागलोय.” खांब किती होते यावर मायलेकांचे संकेश्वर येईपर्यंत पटले नाही. यल्लव्वा म्हणते की त्या भांडणाने तिला जरा धीर आला; लगेच तिला वाटले, मागच्या वेळीही तो असाच आईशी भांडला होता का? ते आठवेना.

मास्तरांची खोली उसाच्या गाड्या जातात त्या रस्त्याला होती. मास्तर बाजारात गेले होते. त्यांच्या पत्नी अंजनाताई दारात आल्या. तम्मण्णा काही बोलण्याआधी लक्ष्मीबाईंनी पायरीखालूनच विचारले, “काल गिराण पाळलंसा काय?”

अंजनाताईंना या प्रश्नाचा रोख वेगळा वाटला असावा. “न्हाय वं,” त्या ताठपणे म्हणाल्या. “आम्ही न्हाय पाळत. जेवलोय, झोपलोय, पोरांनी काजळी धरलेल्या काचंतनं बघितलंय. का?”

“काय टाकलं न्हाईसा न्हवं?”

“काय टाकायचं?”

लक्ष्मीबाई पायरीवर बसल्या. “बरं केलंसा,” त्या म्हणाल्या. “लई बरं केलंसा.”

ट्रंकेतून पंधरा दिवसांच्या पुड्या निघाल्या. नियमाप्रमाणे एक पायरी वर, म्हणजे पुन्हा अडीच. तम्मण्णाने उभ्याउभ्या गोळी घेतली. पेला धरताना त्याचा हात नेहमीपेक्षा जास्त कापत होता. गोळी नसल्याने, की भीतीने, हे तिथे असलेल्या कोणालाच सांगता आले नाही.

अंजनाताईंनी चहा केला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला की नाही यावर तीन साक्षी आहेत. यल्लव्वा म्हणते, घेतला. लक्ष्मीबाई म्हणतात, घेतला नाही. अंजनाताई म्हणतात, “कप मोकळा झालता. पोटात गेला का पायरीखाली, ते मी वाकून बघितलं न्हाय.”

मास्तर आल्यावर त्यांनी वहीत नोंद केली: ‘१६-१७ फेब्रुवारी. दोन वेळा चुकल्या.’ प्रत्यक्षात तीन चुकल्या होत्या. शनिवार सकाळची गोळी वेधामुळे राहिली, हे यल्लव्वाने त्यांना सांगितले नाही. तिने ते प्रथम मला सांगितले, आठ वर्षांनी.

२८ फेब्रुवारीला डॉक्टरांनी अडीच गोळ्या कायम ठेवल्या आणि पावसाळा सरेपर्यंत पायरी उतरायची नाही असे सांगितले. वहीत त्या तारखेला नवे पान सुरू होते. त्यावर मथळा आहे ‘घरातील इतर माणसांच्या हातून’, आणि खाली पहिले कलम: ‘ग्रहण, सुतक, सण. डबा हलवण्यापूर्वी यल्लव्वास विचारणे.’ डबा कोणाच्या ताब्यात असावा यावर भरमूचे म्हणणे होते, अव्वापासून लांब. तम्मण्णा म्हणाला, “अव्वाकडंच द्या. आता टाकायची न्हाय ती.” तसेच लिहिले गेले.

पुढच्या महिन्यांबद्दल यल्लव्वा फार बोलत नाही. ती स्वयंपाकघरात असे आणि कान मागाकडे असत. ठोका थांबला की तिचा हात थांबे. धोट्यातली धाग्याची कांडी बदलायला जेवढा वेळ लागतो तेवढा ती मनात धरी. त्याच्यावर गेला की उठे. “उठून गेले की हे म्हणायचे, धागा तुटलाय गं, जोडतोय. मी म्हणायची, जोडा की. आन् तिथंच हुबी ऱ्हायची.”

त्यानंतरचा उतार वहीत सावकाश दिसतो. १९८० च्या ऑक्टोबरात दोन, पुढच्या वर्षी दीड. त्या वर्षी जूनमध्ये दोन रात्री झोप गेली. कलमाप्रमाणे पुन्हा दोन, मग दिवाळीनंतर पुन्हा दीड. १९८२ मध्ये एक. त्याच वर्षी गल्लीतल्या मालुबाईंनी तम्मण्णाला ताणा सांधायला बोलावले, नऊ वर्षांनी पहिल्यांदा. काम चालू असेपर्यंत त्या घरातली कात्री कनवटीला खोचून शेजारी उभ्या होत्या. दीड दिवस लागला. काही सांधे फणीत तुटले, बाकीचे टिकले. किती तुटले, हा आकडा मालुबाई दर वेळी वेगळा सांगतात.

वहीतली शेवटची नोंद १० मार्च १९८३, गुरुवारची आहे: ‘अर्धी गोळी, संध्याकाळी. झोप ठीक.’ पुढची पाने कोरी आहेत. मास्तर त्या सुमारास बढतीवर निपाणीला गेले. ते म्हणतात, तम्मण्णाने स्वतःच सांगितले की आता लिहायची गरज नाही. ‘सोडली’ असे तो म्हणाला का, असे विचारल्यावर मास्तरांनी सांगितले, “तसं तो म्हणाला नाही. मी तसं समजलो.”

विणकरांच्या सोसायटीच्या हजेरीवहीत १९७८ आणि १९८५ अशा दोन वर्षांच्या त्याच्या सह्या मला मिळाल्या. दुसरी पहिलीपेक्षा सरळ आहे. पण सहीवरून गोळी मोजता येत नाही. आणि १९८५ ची सही टेबलावर केलेली आहे, १९७८ ची बहुधा मांडीवर.

पत्र्याचा डबा घरात आहे. मी तो उघडून पाहिला. त्यात सात अर्ध्या गोळ्या होत्या आणि एक वाळलेले तुळशीचे पान. पान लक्ष्मीबाईंनी नंतरच्या एका ग्रहणाला ठेवलेले. ते कोणत्या, हे त्यांना आठवत नाही. गोळ्या कोणत्या वर्षीच्या, हे डब्यावरून कळत नाही.

अर्ध्या गोळीवरून शून्यावर तम्मण्णा कधी आला का, हे माहीत नाही. यल्लव्वा म्हणते, आला. भरमू म्हणतो, शेवटपर्यंत अर्धी घेत होता आणि बायकोपासून लपवत होता. डॉक्टरांचे कागद मिळालेले नाहीत.

आणि त्या शनिवारी सकाळी लक्ष्मीबाईंनी दुधावर, बरणीवर, पिठावर, तुपावर पान ठेवले आणि फडताळातल्या डब्यावर ठेवले नाही, ते का, हेही माहीत नाही. मी दोनदा विचारले. पहिल्यांदा त्या म्हणाल्या, पाने पुरली नाहीत. दुसऱ्यांदा म्हणाल्या, गोळ्या गेल्या तर पोराचे हात थांबतील असे वाटले. तिसऱ्यांदा विचारण्याआधी यल्लव्वाने मला थांबवले. अंगणातली तुळस त्या वर्षी केवढी होती, हे आता कोणालाच नक्की आठवत नाही.